पट्टी कोणाची? गायिका, पियानोवाला आणि आपण
(रेडिओवर झालेलं बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)



महाप्याहून आम्ही बोलतोय, तुमच्या बचत गटांच्या समन्वयक. एरवी या वेळेला आपण हप्ते, वह्या, मसाल्याचं पॅकिंग, बँकेचं कर्ज यावर बोलतो. आज गाण्यावर बोलायचं आहे. पण हेही कामाचंच बोलणं आहे, शेवटपर्यंत ऐकलंत की लक्षात येईल.

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गटांच्या बैठकीत एकच प्रश्न आला. आपल्याकडे आगरी घरांत हळदीला, लग्नाला धवळे गाणाऱ्या बाया आहेत. भजनी मंडळं तर गावोगाव आहेत. आता कोणीतरी येतं आणि म्हणतं, “ताई, आवाज छान आहे तुमचा. आपण अल्बम काढू. या कागदावर सही करा.” सही करायची का? पैसे किती मागायचे? तेच गाणं नंतर दुसरीकडे म्हटलं तर चालेल का?

या प्रश्नाचं उत्तर नुसतं कायद्याच्या भाषेत दिलं तर ते लक्षात राहणार नाही. म्हणून आज आपण एका गायिकेची गोष्ट समजून घेऊ. तिचं नाव लोर्ना कोर्देरो. गाणं कोकणीतलं, पण वाढलेलं आपल्या मुंबईत. घणसोलीला लोकल पकडली, वाशीला बदलली, सीएसएमटीला उतरून दहा मिनिटं चाललं की धोबीतलाव येतं. त्याच भागातली ही गोष्ट आहे. आणि तिचं गाणं ज्या संगीताच्या मुशीतून आलं, त्याला म्हणतात जॅझ.

जॅझ म्हणजे काय?

नाव परकं आहे, पण त्यातली गोष्ट आपल्या ओळखीची आहे. अमेरिकेत आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली माणसं होती. कापसाच्या शेतात राबताना ती गाणी म्हणायची. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, लावणीला बाया आजही गातात, तसंच. त्या गाण्यांतून, चर्चमधल्या भक्तिगीतांतून आणि बँडच्या वाद्यांतून न्यू ऑर्लिन्स नावाच्या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत उभं राहिलं. १९१७ साली जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली आणि मग ते जगभर पसरलं.

जॅझची मुख्य खूण एकच. गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो, पण प्रत्येक वेळी ते नव्याने गायचं, वाजवायचं. हे आपल्याला नवीन नाही. धवलारीण काय करते? चाल तीच, पण नवरीच्या घरात शिरली की मामाचं नाव गुंफते, आत्याची चेष्टा घालते, कोणी रुसलं असेल तर त्याच्यावरही ओळ जोडते. एका लग्नातला धवळा दुसऱ्या लग्नात जसाच्या तसा येत नाही. जॅझची गायिका हेच करते. कधी तर शब्दच सोडून देते आणि नुसत्या बोलांवर गाते, आपल्याकडे तराणा गातात तसं.

गोव्याची माणसं, मुंबईचे बँड

१९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे कलाकार येऊन जॅझ वाजवू लागले. त्यांत टेडी वेदरफोर्ड नावाचा मोठा पियानोवादक होता. त्यांच्याकडून हे संगीत पटकन उचललं ते गोव्याच्या वादकांनी. कारण गोव्यात पोर्तुगीज राज्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन शिकवलं जायचं, सूर कागदावर लिहायला आणि वाचायला शिकवलं जायचं. हातात विद्या होती, पण गावात पोट भरत नव्हतं. मग मुंबई.

आपल्या कोकणातली, घाटावरची माणसं गिरणीत आली तेव्हा गावकीच्या खोल्यांत राहायची. तसे गोव्याच्या माणसांचे गावागावाचे ‘कूड’ असायचे, धोबीतलाव भागात. तिथे बोटीवर जाणारे खलाशी राहायचे, स्वयंपाकी राहायचे आणि वादकही राहायचे. रात्री हॉटेलात बँड, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. आपले सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, यांच्या संगीतात ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे गोव्याचेच. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. त्यातल्या गाण्यांवर तुमच्या आई-आजीने पाय हलवले असतील. तेव्हा जॅझ आपल्या घरात कधीच येऊन गेलंय, फक्त कोणी नाव सांगितलं नव्हतं.

लोर्ना आणि ख्रिस पेरी

मडगावचे ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे, गाणी लिहायचे, चाली बांधायचे, बँड चालवायचे. जॅझ आणि चा-चा-चा सारखे नाचाचे ठेके त्यांनी कोकणी शब्दांशी जोडले. आणि त्या गाण्यांना आवाज मिळाला लोर्नांचा. मुंबईत वाढलेली ही मुलगी शाळकरी वयातच गाऊ लागली आणि विशीच्या आत पेरींच्या बँडची गायिका झाली.

‘बेबदो’, ‘पिसो’, ‘तुजो मोग’, ‘नाचूंया कुंपासार’ ही त्या काळची गाणी. बेबदो म्हणजे दारुडा. ज्या घरात संध्याकाळी दार वाजलं की बाईच्या पोटात गोळा येतो, त्या घरातल्या कोणालाही या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. लोर्नांचा आवाज नाजूक नव्हता. भरलेला, मोकळा, जरा खरखरीत, छातीतून येणारा. त्या काळी सिनेमात नायिकेचा आवाज बारीक आणि उंच असायचा. हा आवाज त्यात बसला नसता. जॅझमध्ये तो राणीसारखा बसला. गोव्यात आजही लग्नात, बोटीत, टॅक्सीत ही गाणी वाजतात.

पण सत्तरच्या दशकात लोर्ना पेरींच्या बँडपासून वेगळ्या झाल्या आणि त्यांचं गाणं थांबलं. थोडे दिवस नाही, वीस वर्षांहून जास्त. त्यांच्यावर जे लिहिलं गेलंय त्यात वारंवार येतं की, पेरींच्या बँडशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर गायचं नाही असा करार झालेला होता. दोन माणसांमध्ये काय घडलं याचा निवाडा करायला आपण बसलेलो नाही. पेरींनी त्या आवाजासाठी बांधलेल्या चाली अजोड आहेत, हेही तितकंच खरं. २००२ साली ते गेले. पण एवढं मात्र दिसतं की, जिच्या आवाजावर लोक नाचत होते, ती ऐन उमेदीची वर्षं गप्प होती. तिशी गेली, चाळिशी गेली. रेकॉर्ड वाजत राहिल्या, गाणारी घरी होती.

मैत्रिणींनो, शेतात राबणारीचे हात बांधले तर ते दिसतं. गळा बांधला तर बाहेरून दिसत नाही.

‘हॅलो लोर्ना’

मग १९९५ साली रॉनी मोन्सेरात यांनी लोर्नांना पुन्हा माईकपाशी आणलं. रॉनी हे कीबोर्ड वाजवणारे, संगीतकार. कीबोर्ड म्हणजे पियानोचाच विजेवर चालणारा धाकटा भाऊ. आपण लग्नाच्या बँडमध्ये त्याला ‘कॅसिओ’ म्हणतो. मोन्सेरात घराणंच वाद्यांचं, भावंडांत कोणी ट्रम्पेट वाजवणारं, कोणी ट्रॉम्बोन. या दोघांच्या कामातून अल्बम आला, ‘हॅलो लोर्ना’. तो नुसत्या जॅझचा नव्हता, जॅझच्या अंगणात वाढलेलं कोकणी गाणं होतं. पण लोकांना त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांना तो आवाज परत मिळाला होता. गोव्यात त्या मंचावर आल्या तेव्हा जे ऐकायला आले त्यांत असेही होते की ज्यांच्या जन्माआधी त्यांनी गाणं थांबवलं होतं.

त्या अल्बमचं नाव बघा. नाव बँडचं नाही, संगीतकाराचं नाही. गाणारीचं आहे. तिला हाक मारलेली आहे. वीस वर्षांत आवाज बदलतोच, वय गळ्यात उतरतंच. पण साथ देणाऱ्याने बदललेला आवाज झाकायचा नसतो, त्याला बसेल असं गाणं बांधायचं असतं. यालाच आम्ही साथ म्हणतो. पुढे ही सगळी गाणी आणि ही माणसं यांच्यावरून स्फूर्ती घेऊन बार्डरॉय बार्रेतो यांनी ‘नाचूंया कुंपासार’ नावाचा सिनेमा केला, त्याला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान मिळाला.

पियानोवाला नेमकं करतो काय?

आता जरा वाद्याकडे वळू. ‘गायिका आणि पियानोवादक यांचा अल्बम’ असा प्रकार जॅझमध्ये खूप मानाचा समजतात. का ते समजून घ्यायला आपली पेटी समोर ठेवा.

पेटीवाला एका हाताने भाता हलवतो आणि एका हाताने सूर वाजवतो. भजनात तो गाणाऱ्याच्या मागे मागे चालतो. बुवांनी जी ओळ म्हटली तीच पेटीवर उमटते. पियानोला भाता नाही. आत तारा ताणलेल्या असतात, पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर पडते. ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. त्यामुळे डाव्या हाताने तो खालचे जड सूर आणि लय धरतो, उजव्याने वरचं काम करतो. एकाच वेळी तीन-चार सूर एकत्र दाबतो, त्याला कॉर्ड म्हणतात. एकटा सूर म्हणजे नुसतं तिखट. कॉर्ड म्हणजे तिखट, धणे, हळद, हिंग पडलेली फोडणी. चाल तीच राहते, पण खाली कोणती फोडणी पडली त्यावरून ती आनंदाची वाटते की उदास, हे ठरतं.

आणि जॅझमधला चांगला पियानोवाला गायिकेची ओळ तिच्यावरच परत वाजवत नाही. ती तिची आहे. तो तिच्या पायाखाली जमीन घालतो. तिने एखादा शब्द लांबवला तर थांबतो. ती घाईत पुढे गेली तर धावून गाठतो. ती श्वास घेते त्या फटीत चार सूर टाकतो, आणि ती गायला लागली की बाजूला होतो. मग मध्ये एक वेळ येते, ती थांबते आणि तो एकटा वाजवतो. तेव्हा ऐकायची पाळी तिची.

१९५० साली एला फिट्झजेराल्ड या गायिकेने एलिस लार्किन्स या पियानोवादकाबरोबर असाच एक अल्बम केला. जॉर्ज गर्श्विनची आठ गाणी, एक आवाज, एक पियानो, तिसरं कोणी नाही. ही एला कोण? आई लवकर गेली, काही दिवस रस्त्यावर काढले. १९३४ साली, १७ वर्षांची असताना, न्यूयॉर्कमधल्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरली. नाचायला म्हणून गेली होती, आयत्या वेळी गायली आणि पहिली आली. पुढे अनेक वर्षं मोठमोठ्या बँडसमोर गायली. तो सोळा वर्षांनंतरचा अल्बम आजही जाणकार हळू आवाजात ऐकतात, कारण त्यात लपायला जागाच नाही. ढोल नाही, बासरी नाही. गळ्यातला बारीकसा कंपही ऐकू येतो.

पुढे १९७५ साली टोनी बेनेट हा गायक आणि बिल एव्हान्स हा पियानोवादक असेच दोघे कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत बसले. नऊ गाणी झाली. दोघेही आपापल्या जागी नावाजलेले. अल्बमवर नाव दोघांचं. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरा अल्बम रेकॉर्ड केला, तो बेनेटने स्वतः सुरू केलेल्या कंपनीतून निघाला. गाणं आपलं, तर पेटाराही आपला असावा, असं त्यालाही वाटलं असणार. बचत गटाच्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

पट्टी कोणाची?

आता मुद्द्यावर येऊ. अल्बम करायला बसलं की पहिला प्रश्न असतो पट्टीचा. म्हणजे गाणं किती उंचीवर सुरू करायचं. काळी एक, काळी चार, पांढरी पाच, हे पेटीवाल्याकडून तुम्ही ऐकलं असेल. प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी. पुरुषांची साधारण खाली, बायकांची वर. वय वाढलं की बदलते. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर काही दिवस बदलते.

आपल्या मिश्र भजनात काय होतं? बुवा त्यांची पट्टी लावतात. बायांनी त्यात गायचं. खाली गेलं की आवाज निघत नाही, वर गेलं की ताण पडतो. मग म्हणतात, “बायकांना गाता येत नाही.” गाता येतं हो, पट्टी दुसऱ्याची असते.

जॅझच्या अल्बममध्ये पियानोवादकाला पहिली गोष्ट करावी लागते ती ही, की गाणं तिच्या पट्टीत आणायचं. त्याच्या बोटांना जड जात असेल तरी. पट्टी गाणारीची, साथ वाजवणाऱ्याची. दोघांचं मोल सारखं, पण सुरुवात तिच्या गळ्यापासून.

आणि आम्हाला वाटतं, कागदाचंही तसंच आहे. करार ही पण एक पट्टीच आहे. ती कोणाच्या गळ्याला बसणारी आहे, हे सही करण्याआधी बघायचं.

नाव छापलं पाहिजे

एक गोष्ट रेडिओचीच सांगतो. १९४९ साली ‘महल’ सिनेमा आला. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी ही सिनेमातल्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. तेव्हा रीतच तशी होती. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली की ही कोण गाते? मग खरं नाव रेडिओवर सांगितलं गेलं. पुढे साठच्या दशकात लतादीदींनी आग्रह धरला की गायकाला एकदाच पैसे देऊन मोकळं करू नका, रेकॉर्ड विकली जाईल तसा वाटाही द्या. त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाला आणि काही वर्षं ते दोघे एकत्र गायले नाहीत.

एकरकमी पैसे आणि वाटा यातला फरक तुम्हाला कळतो. पापड लाटून दिले, किलोमागे मजुरी घेतली, विषय संपला, हे एकरकमी. आणि आपल्या गटाच्या नावाने पापड विकले, नफा वाटून घेतला, हा वाटा. पहिल्यात जोखीम कमी आणि पैसा लगेच हातात. दुसऱ्यात थांबावं लागतं, पण माल चालला तर पुढेही येत राहतं. दोन्ही चालतं. पण आपण कशावर सही करतोय हे कळायला हवं.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात पाच गोष्टी सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिली. धवळे, ओव्या, पारंपरिक गाणी यांचे शब्द कोणा एकाच्या मालकीचे नसतात. पण तुम्ही ते गायलात, त्या गाण्यावर तुमचा हक्क असतो. याला कलाकाराचा हक्क म्हणतात. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने तो आला आणि आज तो ५० वर्षं टिकतो. तुमच्या संमतीशिवाय तुमचं गाणं रेकॉर्ड करून विकता येत नाही.

दुसरी. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला आपलं नाव लागावं असा हक्क मिळाला, आणि गाणं धंद्यासाठी वापरलं तर रॉयल्टीचा, म्हणजे वाट्याचा, हक्क मिळाला. त्यानंतर २०१३ साली गायकांची स्वतःची हक्क संस्थाही नोंदली गेली. एक लक्षात ठेवा. व्हिडिओसाठी लेखी संमती दिली की मग तो दाखवू नका असं सहसा म्हणता येत नाही. म्हणून संमती देण्याआधीच काय ते बोलून घ्यायचं.

तिसरी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणतं गाणं, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं असावं. वर्षं लिहिलीच नसतील तर कायदा पाच वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणून ‘कायमचे, जगभर, सर्व हक्क’ असे शब्द दिसले की थांबा. ते चुकून लिहिलेले नसतात.

चौथी. ‘करार चालू आहे तोवर दुसऱ्या कोणासाठी गायचं नाही’ अशी अट घालता येते. पण करार संपल्यावरही तुम्ही आपलं पोटापाण्याचं काम करू नका, असं बांधून ठेवणं १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमाला धरून नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक होत नाही. तुमच्या पोरीचा आवाज ऐकून कोणी आलं तर हे आधी आठवा.

पाचवी. कागद समजला नाही तर लाजायचं नाही. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवा मोफत मिळते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा तसं सांगतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आपल्यासाठी ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

मग अल्बम करायचा की नाही?

आमचं उत्तर आहे, जरूर करा. घाबरून गप्प बसणं हे काही उत्तर नव्हे. जुन्या रीतीत लग्नाचे विधीच धवलारीण आपल्या गाण्यांतून पार पाडायची. आता कंपन्या आल्या, रस्ते रुंद झाले, लग्नं हॉलमध्ये गेली, हळदीला बेंजो आणि डीजे आला. त्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडात जे आहे ते उतरवून ठेवलं नाही तर त्यांच्याबरोबर जाईल. रेकॉर्ड झालं तर नातीला ऐकता येईल. लोर्नांच्या गाण्यांचंच बघा. त्या गात नव्हत्या तेव्हाही रेकॉर्डनेच त्यांना लोकांच्या कानात जागं ठेवलं.

पण करताना साथ देणारा बघून करा. साथ देणारा आणि ताबा घेणारा यात फरक आहे, आणि तो सुरुवातीलाच दिसतो. साथ देणारा विचारतो, “ताई, तुमची पट्टी कोणती?” ताबा घेणारा सांगतो, “या पट्टीत गा.” साथ देणारा कागद घरी न्यायला देतो, चार दिवस थांबतो. ताबा घेणारा म्हणतो, “आत्ताच सही करा, गाडी खाली उभी आहे.” साथ देणारा नाव कसं लिहायचं ते विचारतो. ताबा घेणारा ‘आणि मंडळी’ लिहून मोकळा होतो.

येत्या बैठकीसाठी

प्रत्येक गटाने येत्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढावा असं आम्ही सुचवतो.

आधी ऐकायचं. कोणाच्या तरी मोबाईलवर लोर्नांचं एखादं गाणं लावा. तीनदा लावा. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका. दुसऱ्यांदा आवाजाकडे लक्ष न देता मागची वाद्यं ऐका, कोण कधी थांबतं ते बघा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल, कोकणी आपल्याला अर्धी कळतेच. मग जमलं तर एलाचं, फक्त पियानोवरचं एक गाणं लावा.

मग लिहायचं. आपल्या गटात, गावात कोण कोण गातं? कोणाला कोणते धवळे येतात? कोणाची पट्टी कोणती? एक वही करा. पुढे बाहेरचं कोणी आलं की ही वही गटाकडे असेल, आणि बोलणी एकटीशी नाही, गटाशी होतील. कर्ज घेताना आपण एकटं जात नाही, गट जातो. गाण्यालाही तसंच जाऊ.

आणि शेवटी, प्रत्येक गाणारीने पेटीवाल्याला बसवून आपली पट्टी शोधून घ्यायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. पुढच्या भजनाला बुवांनी सूर लावला की त्यांना आदराने सांगायचं, “बुवा, पुढचा अभंग आमचा. काळी चार लावा.”

त्या वहीत काय काय जमलं ते आम्हाला कळवा. जमेल तसे त्यातले धवळे गाणाऱ्या बायांच्या आवाजात याच रेडिओवर लावू, त्यांची संमती घेऊन आणि त्यांचं पूर्ण नाव सांगून. पुढच्या वेळी गटाच्या वार्षिक हिशोबाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.